सालईखोरं ऐकण्याची खोली

"बंद कर ते रेकॉर्डिंग, भुंग्या," आबा म्हणाले. "या धबधब्यात आता धबधबाच उरलेला नाही. नुसती फसफस ऐकू येते, सोड्याची बाटली उघडल्यासारखी."

मनवाला नवल वाटलं. ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती आणि तिला तर धबधब्याची घरघर थेट पाठीत जाणवत होती. ती उठून आबांच्या खुर्चीकडे निघाली. चालता चालता घरघर विरत गेली. खोलीच्या मधोमध ठेवलेल्या खुर्चीपाशी ती पोचली, तेव्हा खरोखरच नुसती फसफस उरली होती. ती उलट पावली भिंतीकडे गेली. घरघर परत आली.

"आबा, इथे धबधबा आहे आणि तुमच्याजवळ नाही! एकाच खोलीत असं कसं?"

"माझे कान गेलेत, बाळा. त्यात कोडं कसलं?"

"पण मग तुमच्याजवळ आल्यावर माझे कान कसे जातात?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं. ते उठले आणि काठी टेकत बाहेर निघून गेले.

मनवाचे आजोबा, डॉ. गुणवंत तायडे, ध्वनिशास्त्रज्ञ होते. सातपुड्यातल्या सालईखोऱ्याचे आवाज टिपण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. धबधबा, सांबरांची ओरड, पानगळीची सळसळ आणि सगळ्यांत लाडका रानपिंगळा. भर दिवसा हिंडणारं, मुठीएवढं, दुर्मीळ घुबड. पण तीन उन्हाळ्यांपूर्वी खोऱ्याला आग लागली आणि ती कित्येक दिवस विझली नाही. त्यानंतर आबांनी झाडाला टांगून ठेवलेल्या ध्वनिपेटीने दोन उन्हाळे आवाज टिपले. संगणकाने ते सगळे चाळले आणि निकाल दिला : रानपिंगळा नाही. मग यंदा खोऱ्यातल्या पाणवठ्यात टँकरने पाणी सोडणंही वनखात्याने थांबवलं. प्यायला कोणी उरलंच नसेल, तर पाणी कोणासाठी?

आबा आता अकोटच्या वेशीवर एका भुईघरात राहत होते. उन्हाळे असह्य झाल्यापासून गावोगावी अशी अर्धी जमिनीखाली बांधलेली काँक्रीटची घरं आली होती. मनवाची आई उष्माघाताच्या दवाखान्यात डॉक्टर होती. उन्हाळाभर तिला घरी यायला फुरसत नसे, म्हणून मनवा आबांकडे राहायला आली होती. घरातली शेवटची खोली आबांनी खास आवाज ऐकण्यासाठी ठेवली होती. स्वतःच्या हाताने बनवलेले, मनवाच्या उंचीचे दोन ध्वनिक्षेपक (विजेच्या लहरींचा आवाज करणारी यंत्रं) त्यांनी तिथे आणले होते. जुन्या घरात त्यातून जंगल जसंच्या तसं उभं राहायचं म्हणे. इथे आल्यापासून नुसता गोंगाट. आबांनी एकदोनदा ऐकलं आणि आपले कान संपले, असं ठरवून टाकलं.

भुंगा मात्र खोलीतच होता. तो चाकांवर फिरणारा, तांब्याएवढा यंत्रमानव. त्याच्या लांब मानेच्या टोकाला ध्वनिग्राहक (आवाज टिपणारा यांत्रिक कान) होता.

"भुंग्या, तुला काय ऐकू येतं?" मनवाने विचारलं.

"मी जिथे असेन, तिथलं," भुंगा म्हणाला. "भिंतीजवळ जाडा आवाज खूप. मध्यभागी जवळजवळ शून्य. डॉक्टरसाहेबांनी मला मोजायला सांगितलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही."

"अरे शहाण्या! हे त्यांना सांग ना!"

आबा पडवीत उन्हाकडे पाठ करून बसले होते. भुंग्याने आकडे सांगितले. आबांनी ते पुन्हा सांगायला लावले. मग कपाळावर हात मारला.

"मी इतका मूर्ख कसा?" ते म्हणाले. "आयुष्यभर पोरांना शिकवलं आणि खुर्ची स्वतःच मधोमध ठेवली! मनवा, तो स्टीलचा लांबट ट्रे आण. आणि थोडं पाणी. सांडू नकोस, संध्याकाळी कढीपत्त्याला घालायचंय."

आबांनी ट्रे टेबलावर ठेवून हळूहळू डोलवला. पाणी एका टोकाला चढलं, मग दुसऱ्या टोकाला. ठरावीक तालात हलवत राहिल्यावर दोन्ही टोकांना पाणी उंच उसळायला लागलं.

"आता मध्ये बघ."

मनवाने वाकून पाहिलं. दोन्हीकडे एवढी उसळी होती, पण अगदी मधल्या रेषेवर पाण्याची पातळी वरही जात नव्हती आणि खालीही येत नव्हती.

"आवाज म्हणजे हवेतल्या दाबाची लाट," आबा म्हणाले. "जाड्या आवाजाची लाट लांब असते. काही लाटा तर आपल्या खोलीएवढ्या लांब. अशी लाट समोरच्या भिंतीवर आपटते, परत येते आणि नव्याने येणाऱ्या लाटेत मिसळते. मग ती पुढे जाताना दिसत नाही, जागच्या जागी डोलत राहते. तिला म्हणायचं स्थिर लहर. भिंतीशी दाब खूप वरखाली होतो, मधोमध होतच नाही. आणि आपला कान तर दाबच ओळखतो."

"म्हणजे तुमची खुर्ची या मधल्या रेषेवर होती!"

"हो."

"मग तुमचे कान गेले नाहीत!"

आबा हसले. या सुट्टीत मनवाने त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या सकाळपासून काम सुरू झालं. खुर्ची मधोमध नको आणि भिंतीला चिकटूनही नको. आबा खुर्ची वीतभर सरकवत, भुंगा जाडा-बारीक सूर सोडून मोजत असे आणि मनवा बसून ऐकत असे. मध्याच्या थोडं मागे एक जागा अशी सापडली, की तिथे घरघर भरून आली, पण अंगावर आली नाही. भिंतीला टेकलेले ध्वनिक्षेपकही पुढे ओढले. ते दोन आणि मनवाचं डोकं, असा सारख्या बाजूंचा त्रिकोण दोरी धरून जुळवला.

मग आबांनी जोरात टाळी वाजवली. टाळीमागून टर्रर्र असा आवाज लांबत गेला.

"ऐकलंस? समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाजाला चेंडूसारखा टोलवतात. एका टाळीच्या शंभर टाळ्या होतात. पाखराच्या एका शिट्टीचंही तसंच होणार. त्या सगळ्या एकमेकींवर सांडल्या, की पाखरू ओळखू येत नाही."

"मग भिंतीच काढायच्या का?"

"भिंतींना मऊ करायचं. आणि आपण कापसाच्या मुलखात राहतो!"

शेजारच्या जिनिंगमधून, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यातून, कापूस आला. आबांनी लाकडी चौकटी ठोकल्या, मनवाने त्यांत कापूस भरून वरून गोणपाट ताणलं. आवाज कापसात शिरला, की हवेचे कण तंतूंच्या जाळीत घासत जातात आणि आवाजाची शक्ती अगदी किंचित उष्णतेत बदलून जाते. यालाच ध्वनिशोषण म्हणतात, हे आबांनी खिळे ठोकता ठोकताच सांगितलं. जाड्या आवाजाला पातळ चौकट पुरत नाही आणि त्याचा दाब कोपऱ्यांत सगळ्यांत जास्त साठतो. म्हणून चारही कोपऱ्यांत कापसाच्या मोठाल्या गाठी छतापर्यंत रचल्या.

"पण भिंतीवर चौकट नेमकी कुठे लावायची? सगळीकडे?" मनवाने विचारलं.

"आरसा आण. मी खुर्चीत बसतो. तू आरसा भिंतीला टेकवून हळूहळू सरकव. मला आरशात ध्वनिक्षेपक दिसला, की थांब. प्रकाश जसा परत फिरतो, तसाच आवाजही. जिथून मला ध्वनिक्षेपक दिसतो, तिथूनच त्याचा आवाज भिंतीवर आपटून माझ्या कानात येतो."

हे मनवाला फारच आवडलं. ती आरसा घेऊन दोन्ही भिंतींवर फिरली आणि खुणा करत गेली.

पहिल्या उत्साहात त्यांनी चौकटी जरा जास्तच लावल्या. खोलीत बोललं, की शब्द तोंडापुढेच मरून पडत होते. मनवाला गुदमरल्यासारखं झालं. आबांनी मागच्या भिंतीवरच्या चौकटी उतरवल्या आणि तिथे लाकडाचे कमीजास्त उंचीचे ठोकळे बसवले. सपाट भिंत आवाजाला एकाच दिशेने परत फेकते, खडबडीत भिंत त्याला चहूकडे पसरवते. त्याला विखुरण म्हणायचं. खोली पुन्हा श्वास घेऊ लागली.

"भुंग्या, आगीच्या आधीचं लाव," आबा म्हणाले. "सालईखोरं. सकाळचं."

आबा खुर्चीत बसले. मनवा त्यांच्या मागे, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. आवाज सुरू झाला आणि ध्वनिक्षेपक जणू खोलीतून नाहीसेच झाले. डावीकडे दूर धबधबा. उजवीकडे कोतवाल पक्ष्यांची भांडणं. आणि अगदी समोर, जिथे रिकाम्या भिंतीशिवाय काहीच नव्हतं, तिथे एक घुबड बोललं.

"आबा! ते मध्ये आहे! मध्ये तर काही ठेवलेलं नाही!"

"दोन्ही ध्वनिक्षेपकांतून तोच आवाज, तेवढाच, एकाच क्षणी दोन्ही कानांत पोचला, की मेंदूला वाटतं, आवाज समोरूनच आला," आबा हळूच म्हणाले. "तो रानपिंगळा. सालईच्या वाळक्या फांदीवर बसायचा. मी खाली बसायचो."

त्यांच्या खांद्यावरचा मनवाचा हात हलायला लागला. आबा रडत होते.

"हे नको होतं करायला," ते म्हणाले. "गोंगाट होता, तेच बरं होतं. आता इतकं स्पष्ट ऐकू येतं आणि त्यातलं एकही जिवंत नाही. ती फांदी जळाली. ते झाडसुद्धा नाही आता. मी काय केलं आयुष्यभर? मेलेल्यांचे आवाज गोळा केले."

भुंग्याने न सांगताच आवाज थांबवला.

दोन दिवस आबा त्या खोलीत गेले नाहीत. जेवले तेही जेमतेम. मनवाने आईला फोन केला. पलीकडून रुग्णांचा गलका ऐकू येत होता. "त्यांच्याजवळ बस नुसती," आई दमलेल्या आवाजात म्हणाली. "मला इतक्यात येता येणार नाही, मनू."

मनवा जवळ बसली. पण नुसतं बसून काही होईना. शेवटी तिने विचारलं, "आबा, आगीनंतरचं तुम्ही कधी ऐकलंत का?"

"संगणकाने ऐकलं."

"तुम्ही?"

"नाही. हिंमत झाली नाही."

"मी ऐकू?"

आबांनी हात हलवला. त्याचा अर्थ हो की नाही, ते तिला कळलं नाही. तिने हो समजून घेतलं.

आगीनंतरचं खोरं भयाण होतं. वारा आणि राख. मधूनच एखादी माशी. मनवा त्या दुपारी ऐकत राहिली, पुढल्या दुपारीही. काहीच नाही. तिसऱ्या दुपारी ती कंटाळून उठणार, तोच डावीकडून, खूप लांबून, केसासारखा बारीक आवाज आला. स्सीं. थोड्या वेळाने पुन्हा, स्सीं. मग स्सीं-स्सीं-स्सीं अशी घाई, आणि एकदम तुटला.

ती धावत जाऊन आबांना हाताला धरून घेऊन आली. भुंग्याने तेवढाच तुकडा पुन्हा लावला.

"ऐकू आला?"

"कुठे?"

"आत्ता! डावीकडे! आबा, नीट ऐका ना!"

त्यांनी डोळे मिटले, मान कलती केली, श्वाससुद्धा रोखला. तुकडा संपला.

"वारा आहे, मनवा. वाराच आहे फक्त."

भुंगा पुढे आला. "डॉक्टरसाहेब, मी एक सूर वर वर नेतो. ऐकू येईल तोवर दोघांनी हात वर ठेवा."

सूर सुरू झाला. त्याची कंप्रता (एका सेकंदात हवा किती वेळा थरथरते, ती संख्या) वाढत गेली, तसा तो बारीक होत गेला. दोघांचे हात वर होते. मग आबांचा हात खाली आला. मनवाचा वरच होता. सूर चढत राहिला. आबा तिच्या वर असलेल्या हाताकडे बघत राहिले, सूर संपेपर्यंत.

"म्हणजे खोलीही बिघडली होती आणि कानही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता, तर मनवाला बरं वाटलं असतं. "खोली दुरुस्त झाली. कान होत नसतात, बाळा. आत जे थरथरणारे केस असतात, ते एकदा गेले, की उगवत नाहीत. बारीक आवाज टिपणारे आधी जातात. जे काही आहे, ते तुझ्यासाठी आहे. माझ्यासाठी ते खोरं बंद झालं."

ते उठायला लागले. मनवाने त्यांची काठीच ओढून घेतली.

"थांबा! तुम्ही तिथवर चढू शकत नाही ना? मग आपण त्याला खाली आणू. भुंग्या, हाच तुकडा सावकाश लावला, तर काय होईल?"

"निम्म्या वेगाने लावला, तर हवा निम्म्या वेळा थरथरेल. कंप्रता निम्मी. सूर खाली येईल."

"मग निम्म्याने लाव. आणि त्याच्याही निम्म्याने."

वारा आता गाढ झोपलेल्या माणसासारखा घोरू लागला. त्या घोरण्याच्या डावीकडे, लांबवर, कोणीतरी हळू शीळ घातली. सूंऽऽ. मग पुन्हा.

आबांच्या हाताने खुर्चीची कड घट्ट धरली.

"परत," ते म्हणाले. "परत लाव."

त्यांनी तो तुकडा किती वेळा ऐकला कोण जाणे. मनवा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"हे पिल्लू आहे," ते शेवटी म्हणाले. "ढोलीतलं. रानपिंगळ्याचंच. भूक लागली की मागतं. आई-बाप चारा घेऊन जवळ आले, की घाई करतं. आणि तो आवाज तुटतो ना, तिथे त्याच्या तोंडात घास पडलेला असतो. संगणकाला मी फक्त मोठ्या पाखरांची हाक शिकवली होती. पिल्लू शोधायला मी सांगितलंच नव्हतं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मनवा, म्हणजे आगीनंतर तिथे घरटं होतं."

"म्हणजे ते जिवंत आहेत!"

"होते. दोन उन्हाळ्यांपूर्वी. आणि यंदा पाणवठा कोरडा आहे."

त्यांनी वनाधिकारी ज्योत्स्ना मेश्राम यांना फोन लावला. मेश्राम मॅडमनी तुकडा ऐकला, दोन्ही वेगांनी ऐकला.

"सर, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "पण इतक्या जुन्या आवाजावर टँकर सुरू करायला वरून परवानगी मिळणार नाही. आज तिथे काही आहे, असं दाखवता आलं पाहिजे. मी सकाळी खोऱ्याकडे निघालेच आहे. येताय का? ध्वनिपेटी आणा. आणि हो, जीपमध्ये पाण्याचे थोडे कॅन टाकते. त्याला परवानगी लागत नाही."

सालईखोरं मनवाने आतापर्यंत फक्त कानांनी पाहिलं होतं. डोळ्यांना ते सहन होईना. काळे बुंधे, फुटलेले दगड, आणि धबधब्याच्या जागी कड्यावर एक वाळलेला पांढरा ओघळ. आबा जीपमधून उतरले आणि तसेच उभे राहिले. मेश्राम मॅडमनी गुपचूप पाणवठ्याच्या तळाशी कॅन रिकामे केले. भेगाळलेल्या चिखलाने ते पाणी अर्धं पिऊन टाकलं. उरलं ते जेमतेम परातभर.

मनवाने ध्वनिपेटी एका बुंध्याला बांधली. या वेळी संगणकाला पिल्लाचाही आवाज शिकवलेला होता. मेश्राम मॅडम जीपकडे गेल्या. आबा एका दगडावर बसले.

"इथे भिंती नाहीत, आबा," मनवा म्हणाली. "इथे जे येईल, ते सरळच येणार ना?"

"सरळच. परत फेकायला काही नाही, थोपवायला काही नाही. सांग मला, काय ऐकू येतं. मोठ्यापासून बारीकापर्यंत."

मनवा त्यांच्याशेजारी बसली आणि तिने डोळे मिटले.

"वारा," ती म्हणाली. "मग वाळकं पान, उजवीकडे. जीपचं इंजिन थंड होतंय, टिकटिक. एक माशी. पाण्यावर बसली बहुतेक."

"आणखी?"

ती बराच वेळ थांबली. "नाही, आबा. आणखी काही नाही."

आबांनी मान डोलवली. त्यांच्या पायाशी एक जळका सागाचा खुंट होता आणि त्याच्या बुडातून दोन रुंद, हिरवी पानं फुटली होती. त्यांनी एका पानावरची राख बोटाने पुसली.

"घाई नाही," ते म्हणाले. "पेटी ऐकते आहे. पुढच्या आठवड्यात येऊन तिच्यातलं घेऊन जाऊ, पाणीही आणू. खोली तयारच आहे. वरचे सूर तू ऐकायचेस, खालचे मी. तोवर अजून जरा बसू. तू ऐक."

मनवाने मान थोडी डावीकडे वळवली आणि पुन्हा डोळे मिटले.